व्यापारी तंट्यासाठी वकील निवडताना

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लघुउद्योजकाचे उदाहरण घेऊ. यंत्रांचे सुटे भाग तयार करून तो एका मोठ्या कारखान्याला पुरवतो. मालाबद्दल कधी तक्रार आली नाही, पण बिले थकत गेली आणि येणे ३८ लाखांवर पोहोचले. सर्वांत जुने बिल पावणेतीन वर्षांपूर्वीचे आहे. मध्यंतरी समजूत म्हणून हाती ठेवलेला पाच लाखांचा धनादेश तीन आठवड्यांपूर्वी न वटता परत आला. आता न्यायालयात जायचेच, असे ठरते आणि चांगल्या वकिलाचा शोध सुरू होतो. मेहुण्याच्या जागेचा दावा पाहणारे एक वकील आहेत, सीएच्या ओळखीचे दुसरे आहेत, तर मुंबईच्या कोणा नामांकित वकिलाचे नाव तिसराच कोणी सुचवतो. या विचारविनिमयात आणखी दहा-बारा दिवस सहज निघून जातात.

नेमके हेच दिवस महाग पडतात. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत रकमेची लेखी मागणी करणारी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल करावयाची असते. नोटिशीची मुदत हुकली की मार्ग जवळजवळ बंद होतो. धनादेशाची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरता येतो, एवढीच फट उरते. दुसरीकडे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. ती संपण्यापूर्वी समोरच्याने सही करून बाकी मान्य केली असेल, अथवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद झाली असेल, तरच तेथून नवी तीन वर्षे मोजली जातात. तोंडी आश्वासनांना या हिशेबात किंमत नाही.

म्हणून दोन कामे वेगळी करावीत. मुदतीतील नोटीस एखाद्या विश्वासू वकिलाकडून तातडीने पाठवावी आणि मुख्य प्रकरणाचा वकील त्यानंतर स्वस्थपणे निवडावा. मात्र नोटीस म्हणजे निव्वळ औपचारिकता नव्हे. तिच्यात लिहिलेली रक्कम, तारखा आणि विधाने पुढे आपल्याच गळ्यात पडू शकतात. रागाच्या भरात फुगवलेला आकडा उलटतपासणीत फार त्रास देतो.

आधी दार ठरवा

'चांगला वकील कोण?' यापूर्वी विचारण्याचा प्रश्न म्हणजे 'माझा तंटा कोणत्या दारात जातो?' दिवाणी, फौजदारी, लवाद, कंपनी न्यायाधिकरण अशा प्रत्येक दाराची रीत निराळी आहे आणि एका ठिकाणी मुरलेला वकील दुसऱ्या ठिकाणी नवखा असू शकतो.

प्रथम करार आणि परचेस ऑर्डर यांच्या मागील बारीक अक्षरे वाचावीत. तेथे लवादाचे कलम असेल, तर दावा दाखल केल्यावरही प्रतिवादी पहिल्याच टप्प्यावर बोट दाखवून प्रकरण लवादाकडे नेऊ शकतो. त्या कलमात लवाद नेमण्याचा अधिकार एकट्या खरेदीदाराच्या अधिकाऱ्याला दिलेला असेल, तर २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी अशा एकतर्फी नेमणुकीला चाप लावला आहे. ही गोष्ट वकिलाला ठाऊक असायलाच हवी. बिलावर छापलेल्या 'अमुक शहराच्या न्यायकक्षेच्या अधीन' या ओळीकडेही दुर्लक्ष करू नये.

लवादाचे कलम नसेल तर आपल्या उद्योजकापुढे दोन प्रमुख मार्ग उरतात. तो सूक्ष्म वा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असल्यास २००६ च्या कायद्याखालील सुविधा परिषदेकडे जाता येते. करारात काहीही लिहिलेले असले तरी खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हे हत्यार मोठे आहे, परंतु उद्योगाची नोंदणी पुरवठ्यापूर्वीची आहे की नंतरची, यावर बरेच वाद झाले आहेत. ती तारीख वकिलाने पहिल्याच भेटीत विचारली नाही, तर त्याने हे काम फारसे केलेले नसावे.

दुसरा मार्ग व्यावसायिक न्यायालयाचा. २०१५ च्या कायद्याने ही न्यायालये आली. आरंभी त्यांच्यासाठी दाव्याचे मूल्य किमान एक कोटी असावे लागे. २०१८ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीन लाखांवर आली आणि छोटे व्यापारीही तिच्या कक्षेत आले. याच दुरुस्तीने दाव्यापूर्वी मध्यस्थी आणली. तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल तर विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीचा प्रयत्न केल्याखेरीज दावाच दाखल होत नाही. ही अट बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो आणि तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याचे बळ असते. 'मध्यस्थी म्हणजे वेळकाढूपणा' असे म्हणून तो टप्पा झटकून टाकणारा वकील या न्यायालयासाठी योग्य नव्हे.

काही वकील पहिल्या भेटीतच एनसीएलटीची भाषा करतात. कंपनीला दिवाळखोरीत खेचण्याची धमकी दिली की पैसे मिळतात, असा त्यांचा सूर असतो. मार्च २०२० पासून त्यासाठी थकबाकीची किमान मर्यादा एक कोटी रुपये आहे. ३८ लाखांसाठी ते दार बंद आहे आणि ते उघडे असल्याचे सांगणाऱ्याकडून उठून यावे, हे बरे.

पहिल्या भेटीत काय पाहावे

व्यावसायिक न्यायालयात कागदपत्रे दाव्यासोबतच हजर करावी लागतात. मागाहून आणलेला कागद सबळ कारण दाखवल्याशिवाय घेतला जात नाही. 'आधी दावा टाकू, मग बघू' ही जुनी रीत येथे चालत नाही. त्यामुळे वकिलाचे खरे काम दावा दाखल होण्यापूर्वी होते आणि त्याची पारखही तेव्हाच होते. भेटीला जाताना परचेस ऑर्डर, बिले, माल पोहोचल्याची सही-शिक्क्याची चलने, खातेउतारा आणि पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावून न्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण असेल तर तो मोबाइल जपून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार अशा पुराव्यासोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते.

कागद समोर ठेवल्यावर वकील काय करतो, ते पाहावे. तो चलनांवरील सह्या तपासतो का? जुन्या बिलांची मुदत मोजतो का? भागीदारी संस्था नोंदलेली आहे का, हे विचारतो का? नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारातील हक्कासाठी त्रयस्थावर दावाच लावता येत नाही, आणि हा मुद्दा वर्ष-दोन वर्षांनी प्रतिवादीने काढला की सारे मुसळ केरात. आपली बाजू कोठे लंगडी आहे हे जो पहिल्याच बैठकीत सांगतो, त्याच्या बोलण्याने मन थोडे खट्टू होते खरे. तरीही 'शंभर टक्के जिंकू' म्हणणाऱ्यापेक्षा त्यालाच निवडावे.

आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: हुकूमनामा मिळाला तर वसुली कशातून होणार? प्रतिवादी कंपनीची मालमत्ता गहाण आहे का, ती आवराआवर करीत आहे का? तसे असेल तर निकालापूर्वीच जप्तीचा अर्ज करण्याचा विचार व्हायला हवा. कागदावरचा विजय आणि वर्षानुवर्षे चालणारी दरखास्त, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही.

नावलौकिकाची शहानिशा

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. त्यामुळे 'क्रमांक एकचे व्यापारी वकील' असा डंका जेथे वाजत असेल तेथे सावध राहावे. ओळखीपाळखीतून आलेली नावे टाकाऊ नसतात, पण ती पडताळून पाहावीत. त्यासाठी आता घरबसल्या सोय आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयांतील प्रकरणे वकिलाच्या नावाने शोधता येतात. एखाद्याची दहा-बारा प्रकरणे उघडून त्यांतील तारखांचा इतिहास पाहावा. व्यावसायिक स्वरूपाचे दावे किती आहेत? आदेशांत मुदतवाढ कोणाच्या अर्जावर दिलेली दिसते? जिंकलेल्या खटल्यांच्या संख्येपेक्षा हे वाचन अधिक बोलके असते, कारण अवघड प्रकरणे घेणारा वकील हरतोही अधिक.

छोट्या शहरांत हितसंबंधांचा प्रश्न विशेष नाजूक असतो. त्याच वसाहतीतील निम्म्या कारखान्यांची कामे एकाच वकिलाकडे असतात. ज्याने त्याच वादात एका पक्षाला सल्ला दिला, त्याला दुसऱ्या पक्षातर्फे उभे राहता येत नाही. तेव्हा संकोच न करता सरळ विचारावे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर कागदपत्रे तयार करतात आणि युक्तिवादासाठी वेगळे कौन्सेल नेमले जातात. ज्येष्ठ वकील म्हणून नामांकन मिळालेल्यांना तर स्वतः वकीलपत्र दाखलच करता येत नाही. २०२४ च्या जानेवारीपासून शहर दिवाणी न्यायालयाची मर्यादा दहा कोटींपर्यंत वाढल्याने मध्यम रकमेच्या तंट्यांना तो खर्चिक मार्ग बहुधा घ्यावा लागत नाही. मोठ्या नावासाठी पैसे मोजताना प्रत्यक्ष तारखेला कोण उभे राहणार, हे मात्र विचारून घ्यावे. अनेकदा ते उत्तर 'आमचे ज्युनिअर' असे असते. ज्युनिअर तयारीचा असेल तर त्यात काही वावगे नाही.

शुल्क आणि काडीमोड

शुल्क दर तारखेला घेणार की टप्प्यागणिक, हे लेखी ठरवावे. टप्प्यागणिक पद्धत अशिलाच्या सोयीची, कारण तारखा वाढल्या तरी बिल वाढत नाही. न्यायालयीन शुल्क, टंकलेखन, कौन्सेलची फी वेगळी धरावी. वसुलीतील टक्केवारीवर काम करण्यास वकिलांना नियमाने बंदी आहे. अशी 'सवलत' देणारा माणूस नियम वाकवूनच सुरुवात करीत असतो.

पटले नाही तर वकील बदलता येतो. जुन्या वकिलाची नाहरकत घेण्याची प्रथा आहे; ती न मिळाल्यास न्यायालयाला अर्ज करावा. थकलेल्या फीपोटी अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच दिला आहे. फीची वसुली वकिलाने अन्य कायदेशीर मार्गाने करावी. मात्र सेवेतील त्रुटीबद्दल वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाण्याचा मार्ग मे २०२४ च्या निकालाने बंद झाला. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते.