लिनक्सवर बनवलेला प्रोग्राम विंडोजवर का चालत नाही? क्रॉस-कम्पायलिंग म्हणजे काय?

समजा, अमरावतीच्या एका विद्यार्थिनीने लिनक्स लॅपटॉपवर सी भाषेत प्रोजेक्ट केला. पेन ड्राइव्हमध्ये टाकून तो अकोल्याला दाखवायला नेला, पण तिथल्या विंडोज कॉम्प्युटरवर तो सुरूच झाला नाही. असं का होतं?

दोन्हीकडे प्रोसेसर एकाच प्रकारचा असला, तरी तयार प्रोग्रामच्या फाइलचा साचा वेगळा असतो. लिनक्सला ‘ईएलएफ’ फाइल लागते, विंडोजला ‘पीई’, म्हणजे आपली नेहमीची ‘ईएक्सई’. सिस्टिमकडून काम करून घेण्याची पद्धतही वेगळी. त्यामुळे फाइलचं नुसतं नाव बदलून भागत नाही.

इथे उपयोगी पडतो क्रॉस-कम्पायलर. तो चालतो लिनक्सवर, पण फाइल बनवतो विंडोजसाठी. ‘मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४’ हे असंच मोफत साधन. गो भाषेत तर २०१५ मधल्या १.५ आवृत्तीपासून हे काम फारच सोपं झालं: सिस्टिम आणि प्रोसेसर कोणता, एवढं सांगितलं की बहुतेकदा पुरतं.

मात्र प्रोग्रामने फक्त लिनक्सवर मिळणारी लायब्ररी वापरली असेल, तर गाडी अडते. शिवाय कम्पाइल झालं म्हणजे चालेलच, असं नाही. म्हणून अकोल्याची गाडी पकडण्याआधी तो प्रोग्राम एकदा विंडोज कॉम्प्युटरवर चालवून बघायलाच हवा.