युद्धकाळातील एक गोधडी



इतिहासाच्या व्याख्यानाला आपण येता ते राजे, तह आणि लढाया यांविषयी ऐकायला मिळेल या अपेक्षेने. आज मी आपल्यापुढे मांडणार आहे ती एका गोधडीची हकीकत. लढाई तिच्यातही आहे. मात्र ती लढाई रणांगणावरून दिसते तशी नसून घरात सुईदोरा घेऊन बसलेल्या एका बाईला जाणवली तशी आहे.

अमेरिकेच्या ईशान्येस व्हरमाँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथील बेनिंग्टन गावच्या संग्रहालयात ही गोधडी जपून ठेवलेली आहे. कापड जुने आणि नाजूक. उजेडाने त्याचा रंग उडतो आणि तंतू झिजतात. म्हणून वर्षातून थोडेच आठवडे, शरद ऋतूत, ती लोकांना पाहावयास मिळते. तिच्या एका कोपऱ्यात सुईने भरलेली अक्षरे आहेत. त्यांचा मराठीत अर्थ असा : युद्धकाळात, १८६३. तुकडे ५६०२. जेन ए. स्टिकल.

ही जेन कोण? तिचा जन्म १८१७ साली व्हरमाँटमधील शाफ्ट्सबरी गावी झाला. शेतीवाडीवर जगणाऱ्या लोकांत ती वाढली. वॉल्टर स्टिकल हा तिचा पती. या जोडप्याला स्वतःचे मूल नव्हते. परंतु आसपासच्या काही मुलांचा त्यांनी सांभाळ केला. १८९६ साली ती वारली. एवढ्या चार ओळींत जिचे चरित्र आटोपते, तिच्या हातची एक वस्तू आज दूरदूरचे लोक येऊन पाहतात.

आता वस्तूकडे वळू. ही गोधडी लांबीरुंदीला साडेसहा फुटांहून थोडी अधिक, चौरस आहे. मध्यभागी तेरा ओळी आणि प्रत्येक ओळीत तेरा, असे १६९ चौकोन. प्रत्येक चौकोन सुमारे पाच इंचांचा, म्हणजे आपल्या तळहाताएवढा. आणि नवल असे की, प्रत्येकाची रचना निराळी. कोठे चांदणी, कोठे फूल, कोठे चौकटीत चौकट. या सर्वांभोवती ५२ त्रिकोणांची किनार, चार कोपरे आणि शेवटी महिरपीसारखी वळणदार कड. १६९, ५२ आणि ४ मिळून २२५ भाग होतात. ५६०२ तुकडे त्यांत वाटले तर एकेका भागाला सरासरीने पंचवीस येतात. तळहाताएवढ्या जागेत पंचवीस तुकडे!

आमच्या भगिनींना यातली अडचण सांगावयास नको. दोन तुकडे जोडताना दोन्हींची थोडी थोडी कड शिवणीत जाते. ती कमीजास्त झाली की चौकोन लहानमोठा होतो. एकेका चौकोनात सुताभराची चूक धरा. तेरा चौकोनांच्या ओळीत ती दीड इंचाच्या वर जाते आणि शेजारच्या ओळीशी मेळ बसत नाही. तेव्हा अशा कामाला एकच रीत : एक चौकोन घ्यावा, तो पुरा करावा, मोजून पाहावा, बाजूला ठेवावा आणि मगच दुसरा हाती धरावा. घाईला येथे वावच नाही. पण याच रीतीमुळे एक सोयही होते. घरची कामे उरकून मिळालेल्या तासाभरात पाच इंचांचा चौकोन मांडीवर घेता येतो. साडेसहा फुटांची गोधडी घेता येत नाही. जिचा दिवस स्वतःच्या मालकीचा नसतो, तिने मोठे काम करावयाचे तर ते असेच, खंडाखंडाने करावे लागते.

ज्या युद्धाचा उल्लेख तिने केला, ते अमेरिकेचे यादवी युद्ध. १८६१ च्या एप्रिलात ते पेटले आणि १८६५ च्या वसंतात शमले. गुलामगिरीचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. व्हरमाँटने १७७७ सालच्या आपल्या घटनेतच प्रौढ माणसांची गुलामगिरी निषिद्ध ठरविली होती. ते उत्तरेच्या बाजूने उभे राहिले. सव्वातीन लाखांहून कमी वस्तीच्या त्या राज्यातून सुमारे ३४ हजार माणसे सैन्यात गेली आणि त्यांतली पाच हजारांहून अधिक मेली. १८६३ च्या जुलैत गेटिसबर्गच्या रणकंदनात व्हरमाँटच्या पलटणी आघाडीला होत्या. मृतांची ही संख्या आणि गोधडीतील तुकड्यांची संख्या जवळजवळ आहे, हे पाहून त्यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तो आवरला पाहिजे. कारण १८६३ साली युद्धाचा हिशेब अजून पुरा व्हावयाचा होता. आपण म्हणू शकतो ते एवढेच की, याद्या आणि आकडे यांच्या त्या दिवसांत या बाईनेही आपल्या कामाची मोजदाद करून ठेवली.

त्या युद्धाची झळ आपल्याही किनाऱ्याला लागली होती. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्याच १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला. मुंबईत शेअरांचा जुगार माजला आणि १८६५ साली, युद्ध संपताच, कोसळला. हे सारे आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. कारण व्यापाऱ्यांच्या वह्या होत्या, सरकारची दप्तरे होती. पण कापूस महागला तेव्हा आपल्या खेड्यातल्या बाईने जुने लुगडे आणखी किती वर्षे पुरविले, याची वही कोणी ठेवली?

येथे एक कठोर गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्याच काळात उत्तरेतील स्त्रियांनी सैनिकांसाठी ढिगांनी गोधड्या शिवल्या. छावण्यांतून आणि इस्पितळांतून त्या वापरल्या गेल्या, फाटल्या, संपल्या. आज फार थोड्या उरल्या आहेत. जेनची गोधडी टिकली ती जपून ठेवली म्हणून. जी वस्तू सर्वांत अधिक उपयोगी पडते, तीच इतिहासातून आधी नाहीशी होते. आपली वाकळ अशीच. जुन्या लुगड्याधोतरांचे थर, त्यांवर धावदोरा. विरली की वरून नवे पांघरूण शिवून टाकायचे. नातवंडाच्या अंगावर आजीच्या आजीचे लुगडे आतल्या थरात असू शकते, आणि ते कोणालाच ठाऊक नसते.

जेनच्या चौकोनांना तिने दिलेली नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. १९९६ साली ब्रेंडा पापाडाकिस या बाईंनी त्या सर्व आकृत्या उतरवून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या आणि नावेही दिली. तेव्हापासून देशोदेशीच्या स्त्रिया तीच गोधडी एकेक चौकोन करीत पुन्हा शिवीत आहेत. कित्येकींना त्यासाठी वर्षे लागतात. हे घडू शकले, कारण काम तर उत्तम होतेच, पण करणारीने आपले नाव, साल आणि काळ त्यावर लिहून ठेवला होता. इतिहासकार साक्षीदाराला जे पहिले प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे तिने सुईने देऊन ठेवली होती.

तेव्हा आज घरी गेल्यावर माळ्यावरची किंवा पेटीतली जुनी गोधडी एकदा खाली काढा. ती कोणी शिवली, हे सांगणारे कोणी घरात अजून असेल तर त्यांना विचारा. मग कापडाची एक लहानशी पट्टी घ्या. तिच्यावर नाव, गाव आणि साल लिहा आणि चार टाक्यांनी ती अस्तराच्या बाजूला लावून टाका. सांगणारे माणूस आहे तोवरच हे काम होण्यासारखे आहे.