सहसंयुजी कार्बनी जाळ्या (सीओएफ)

कार्बनी रेणू सहसंयुजी बंधांनी जोडून बनविलेले सच्छिद्र, स्फटिकी पदार्थ. ओमर याघी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ते प्रथम तयार केले. मात्र बोरॉनयुक्त बंधांच्या त्या जाळ्या पाण्यात विघटित होत. प्रकाशाच्या साहाय्याने पाण्यापासून हायड्रोजन मिळविण्यासाठी या जाळ्या वापरायच्या, तर पाणी टाळून कसे चालेल? २०१२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने कीटो-एनामाइन बंध वापरून आम्ल व अल्कलीतही टिकणाऱ्या जाळ्या घडविल्या. प्रकाश शोषला की जाळीत मोकळे इलेक्ट्रॉन व धन विवरे (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या रिक्त जागा) निर्माण होतात. ती पृष्ठभागापर्यंत पोहोचली तरच विक्रिया घडते. २०१४ मध्ये बेटिना लोट्श यांच्या गटाने हायड्रॅझोन जाळी व प्लॅटिनम वापरून दृश्य प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन मिळविला. त्यासाठी इलेक्ट्रॉन पुरविणारा वेगळा पदार्थ खर्ची पडतो, ही पद्धतीतील मोठी उणीव होय.