केबलच्या बिलामागचा घाऊक भाव: चॅनल कंपनीला किती, केबलवाल्याला किती?

चॅनल कंपनी ज्या भावात केबल किंवा डिश कंपनीला चॅनल देते, तो घाऊक भाव. आपलं बिल तिथूनच ठरतं.

आधी गावात कनेक्शन किती, हे केबलवाला सांगेल तेवढंच. वायर चारशे घरांत अन् कागदावर शंभर, अशी चॅनल कंपन्यांची ओरड असायची. 2011 ला केबल कायदा बदलला, डिजिटल बॉक्स सक्तीचा झाला. 2012 ला मुंबई-दिल्लीपासून सुरुवात, खेड्यांना मुदत मार्च 2017. बॉक्समुळं मोजणी पक्की झाली.

मग ट्रायनं 2017 च्या नियमांत घाऊक व्यवहारही बांधून टाकला. चॅनलची किंमत कंपनीनं जाहीर करायची आणि त्यातले किमान 20 टक्के केबल-डिशवाल्याला सोडायचे. म्हणजे 10 रुपयांच्या चॅनलमागं 2 रुपये. वर 15 टक्क्यांपर्यंत सूट देता येते, पण निकष सगळ्यांना एकच. बड्या कंपनीला गुपचूप वेगळा भाव देता येत नाही, हे बरंच झालं.

खरी मेख पॅकेजात. सध्या 19 रुपयांपर्यंतचाच चॅनल पॅकेजात घालता येतो. तरी न बघितलेल्या चॅनलचे पैसे आपण भरतोच. सुटा चॅनल घ्यायचा हक्क ग्राहकाला आहे, सुट्या दरांची यादी मागून घ्या. नेटवर्क शुल्कही विचारा. त्यावरची 130 रुपयांची मर्यादा 2024 मध्ये उठली आहे. डीडी फ्री डिशला मात्र महिन्याचे पैसे नाहीत.