चेहऱ्याचा पक्षाघात

मेंदूतून निघणाऱ्या सातव्या मज्जातंतूचे काम मंदावल्याने किंवा थांबल्याने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे. कपाळावर आठ्या पडत नाहीत, डोळा मिटत नाही, ओठाचा कोपरा खाली ओघळतो, चूळ भरताना पाणी गळते. जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि कानातल्या एका चिमुकल्या स्नायूची हालचालही याच तंतूकडे असते. त्यामुळे काहींची चव जाते, काहींना साधे आवाजही मोठे वाटतात.

बहुतेक रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. अशा प्रकाराला सर चार्ल्स बेल यांच्यावरून ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. दरवर्षी लाखात सुमारे 20 ते 30 जणांना तो होतो; मधुमेही आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतील स्त्रियांना अधिक. कानामागच्या हाडातील अरुंद बोगद्यात तंतू सुजतो आणि आवळला जातो. त्यामागे नागीणकुळातील विषाणू असावा, असा अंदाज आहे. ‘गार वारा लागला’ या समजुतीपायी मोलाचे दिवस वाया जातात. कानात किंवा कानाभोवती उठलेली नागीण, कान फुटणे, गालातल्या लाळग्रंथीची गाठ, कुष्ठरोग आणि मार ही इतर कारणे.

माराचे उदाहरण मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचे आहे. 1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांची थप्पड जोरात बसली आणि येवल्यात जन्मलेल्या अभिनेत्री ललिता पवार यांचा चेहरा लुळा पडला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले, तरी डाव्या डोळ्यातला दोष कायम राहिला. नायिकेच्या भूमिका सुटल्या. पण खाष्ट सासू आणि ‘रामायण’ मालिकेतील मंथरा याच चेहऱ्याने अजरामर केल्या.

तोंड वाकडे झाले तरी कपाळावर आठ्या पडत असतील, हात-पाय लुळे पडले असतील किंवा बोलणे अडखळत असेल, तर तो मेंदूचा झटका समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळते, म्हणून झटक्यात ते बहुधा वाचते. निदान घरी बसून करू नये.

बेल्स पाल्सीत पहिल्या 72 तासांत सुरू केलेले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध सर्वांत उपयोगी. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील चाचणीत ते घेणारे 83 टक्के रुग्ण तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेणारे सुमारे 64 टक्के. या औषधाने साखर वाढू शकते, म्हणून मधुमेहींनी या काळात ती वरचेवर तपासावी. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो डोळा. मिटला नाही तर बुबुळ कोरडे पडून जखम होते, म्हणून दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी लागते. तीन महिन्यांनंतरही हालचाल परतली नाही, तर कारणाचा शोध पुन्हा घ्यावा लागतो. काहींच्या तंतूंची वाढ चुकीच्या वाटेने होते आणि हसताना डोळा मिटतो. त्यावर आरशासमोरचे व्यायाम आणि बोटुलिनम इंजेक्शन देतात.