विरूपण, ट्रान्झिस्टर विवर्धकातील
विवर्धकातून (अ‍ॅम्प्लिफायरमधून) बाहेर पडताना संकेताचा मूळ आकार बदलणे म्हणजे विरूपण. लालबाग-परळच्या गणेशोत्सवात आवाज चढवताच आरती कर्कश होते, ती बहुधा यामुळेच.

पुश-पुल जोडणीत तरंगाचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. सिलिकॉन ट्रान्झिस्टर साधारण ०.६ व्होल्टखाली जवळजवळ वाहतच नाही. त्यामुळे शून्याजवळ तरंग तुटतो. हळू आवाजात हे अधिक खटकते. उपाय म्हणून दोन्ही ट्रान्झिस्टरांतून थोडा प्रवाह सतत वाहता ठेवतात (एबी वर्ग). मात्र तापमान एका अंशाने वाढले की बेस-एमिटर व्होल्टता सुमारे २ मिलिव्होल्टने घटते, प्रवाह वाढतो, उष्णता आणखी वाढते. म्हणून हा सततचा प्रवाह ठरवणारा (बायसचा) डायोड ट्रान्झिस्टरांच्या उष्माशोषकालाच (हीटसिंकला) चिकटवून बसवावा. नुसता सर्किटबोर्डावर ठेवणे ही खोटी काटकसर होय.

हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये मांडलेले ऋण प्रतिसंभरण (निगेटिव्ह फीडबॅक) हा दुसरा उपाय. मूळ लब्धी (गेन) १,००० असून प्रदानाचा (आउटपुटचा) पन्नासावा भाग उलट कलेत परत दिला, तर लब्धी सुमारे ४८ उरते आणि ५ टक्के विरूपण पाव टक्क्याच्या आत येते. लब्धी गमवावी लागते, पण ती स्वस्त असते.

तरंगाची टोके पुरवठा-व्होल्टतेला आपटून छाटली गेली, तर मात्र प्रतिसंभरण निरुपयोगी. अशा वेळी गिरगावलगतच्या लॅमिंग्टन रोडवरून (डॉ. भडकमकर मार्ग) नवे ट्रान्झिस्टर आणण्यापेक्षा आवाज कमी करावा.