हातभर किल्ला, बोटभर मावळा

दिवाळीची सुटी लागली की महाराष्ट्रातील अंगणांत, वाड्यांच्या चौकांत आणि शहरी सोसायट्यांच्या आवारात मातीचे किल्ले उभे राहू लागतात. दगड-विटांचा ढिगारा, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि बुरुजाबुरुजांवर भाला घेतलेले मावळे, हे त्याचे ठरलेले रूप. किल्ल्यावर मांडण्याच्या या छोट्या मूर्तींना अनेक ठिकाणी 'चित्रे' असेच म्हणतात. मुलांचा सुटीतला उद्योग म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. मात्र ऐतिहासिक सैनिकांच्या लघुमूर्ती रंगवणे आणि त्यांच्यासाठी भूभाग घडवणे हा जगभरातील प्रौढांचाही गंभीर छंद आहे, आणि त्याची मराठी शाखा आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे.

युद्धाचा पट

सोंगट्यांच्या रूपात सैन्य मांडण्याची कल्पना भारताला नवी नाही. हत्ती, घोडे आणि प्यादी असलेले बुद्धिबळ हे त्याचेच उदाहरण. युरोपात १८२४मध्ये प्रशियाच्या सैन्याने नकाशावर खेळण्याचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. पुढे १९१३मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातील सैनिकांनी लढाई खेळण्याचे नियम दिले. आज या छंदात सुमारे २८ मिलिमीटर उंचीच्या मूर्ती विशेष प्रचलित आहेत. नेपोलियनच्या लढायांपासून मराठे आणि इंग्रज यांच्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या असईच्या लढाईपर्यंत अनेक प्रसंग टेबलावर मांडले जातात. आपल्याकडील किल्ल्यात हार-जीत नसते, फासे नसतात. पण मूर्ती रंगवण्याचे आणि तिला जमिनीशी एकरूप करण्याचे काम तेच.

रंगांची उतरंड

मूर्ती साच्यातून निघाली की आधी सांध्यावरची जादा माती किंवा प्लास्टर खरवडून काढावे लागते. त्यावर एकसारखे अस्तर द्यायचे, म्हणजे पुढचा रंग धरून राहतो. मग अंगरखा, पागोटे, शेला, ढाल यांचे मूळ रंग भरायचे. खरे कौशल्य यानंतरचे. गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून अंगावर सोडला की तो वस्त्राच्या चुण्यांत साचतो आणि सावली तयार होते. तो वाळल्यावर फिकट रंगाचा, जवळजवळ कोरडा केलेला कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. चुण्यांच्या कडा उजळतात आणि बोटभर मूर्तीला उठाव येतो. डोळे, मिशी, कपाळावरचे गंध ही कामे अगदी शेवटी. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग लवकर वाळतात, त्यामुळे नवशिक्यांनाही ते सोयीचे पडतात.

मूर्तीइतकीच महत्त्वाची तिची बैठक. प्लायवूडच्या चकतीवर मूर्ती चिकटवून भोवती गोंद लावायचा, त्यावर चाळलेली वाळू आणि बारीक खडे पसरायचे, वाळल्यावर मातीचा रंग देऊन उंचवटे पुन्हा उजळायचे. वाळलेले गवत, भाताचा पेंढा, भुसा आणि शेवाळ यांतून झुडपे उभी राहतात. बैठकीचा रंग किल्ल्याच्या मातीशी जुळला नाही, तर उत्तम रंगवलेला मावळाही उपरा वाटतो.

टोकावड्याचा भूगोल

बैठक कशी असावी हे शिकायचे, तर ठाणे जिल्ह्यातील टोकावड्याचा परिसर पाहावा. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाताना हे गाव लागते. पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत असून त्याच रांगेत सातवाहनकालीन नाणेघाट, जीवधन आणि मोरोशीचा भैरवगड आहे. दक्षिणेकडे सिद्धगड, गोरखगड आणि मच्छिंद्रगड. डोंगर म्हणजे शंकू, अशी शहरी मुलांची समजूत असते आणि मातीचे किल्लेही तसेच होतात. प्रत्यक्षात सह्याद्री थरांचा आहे. लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांमुळे उभा काळा कडा, मग गवताळ टप्पा, पुन्हा कडा अशी रचना दिसते. भैरवगडाचा कातळ तर जमिनीतून उगवलेल्या भिंतीसारखा आहे. गोणपाटाचा उतार सरळ न ठेवता त्याला असे दोन-तीन टप्पे दिले आणि कड्यांना काळा-करडा व टप्प्यांना हिरवा-पिवळा रंग दिला, की किल्ला सह्याद्रीचा दिसू लागतो. दिवाळीच्या सुमारास या भागात भातकापणीची लगबग असते. म्हणून किल्ल्याच्या पायथ्याशी पिवळे शेत आणि पेंढ्याचे भारे दाखवणेच ऋतूला धरून होईल.

प्रमाणाचा प्रश्न मात्र अवघड आहे. २८ मिलिमीटरचा मावळा पाच फूट सहा इंचांच्या माणसाचा मानला, तर प्रमाण साधारण एकास साठ होते. शेजारच्या शहापूर तालुक्यातील माहुली किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर उंच आहे. त्याची केवळ सातशे मीटरची चढण या प्रमाणात उभारायची, तरी जवळजवळ पावणेबारा मीटर उंची, म्हणजे तीन-चार मजली इमारत लागेल! म्हणूनच जाणकार डोंगर आणि माणूस यांना वेगवेगळे प्रमाण देतात, किंवा संपूर्ण गडाऐवजी एखादा दरवाजा, बुरूज अथवा कड्याचा तुकडाच निवडतात.

मावळा कसा होता?

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक गणवेशाची होते. साच्यातील मावळे एकाच रंगाचे, एकाच ठेवणीचे निघतात. शिवकालीन सैन्याला मात्र आजच्या अर्थाने एकसारखा गणवेश नव्हता. रांगेतील प्रत्येकाच्या पागोट्याचा आणि शेल्याचा रंग थोडा बदलला, तरी दृश्य अधिक खरे होते. हातात तलवार, ढाल, भाला किंवा तोड्याची बंदूक असावी. नंतरच्या काळातील रायफल नव्हे.

मांडणीसाठी सभासदाच्या बखरीचा आधार घेता येतो. पागेत पंचवीस बारगीरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी रचना तीत सांगितली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत हे अधिकारी असत. तेव्हा किल्ल्यावर केवळ लढवय्ये न मांडता पाण्याची पखाल वाहणारा, घोड्याला नाल ठोकणारा आणि दफ्तर सांभाळणारा यांनाही जागा दिली, तर गड कसा चाले हे मुलांना कळते.

पराभवाचेही चित्र

माहुलीचा इतिहास अशा देखाव्याला आव्हान देणारा आहे. १६३६मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याचा अखेरचा प्रयत्न याच गडावरून केला आणि वेढ्यानंतर त्यांना तो सोडावा लागला. पुढे स्वराज्यात आलेला हा किल्ला १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला. फेब्रुवारी १६७०मधील मराठ्यांचा हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवून लावला. त्याच वर्षी जूनमध्ये गड पुन्हा जिंकण्यात आला. आपल्या किल्ल्यांवर नेहमी राज्याभिषेकाचा सोहळाच दिसतो. परतवला गेलेला हल्ला आणि चार महिन्यांनी मिळालेला विजय शेजारी-शेजारी मांडले, तर गड घेणे किती महागात पडे, हे कोणत्याही भाषणाशिवाय उमगते.

छंदांचे सोबती

हा छंद एकटा राहत नाही. गडाचे स्थळनिरीक्षण करायचे म्हणून गिर्यारोहण येते, वेशभूषेसाठी बखरी आणि जुनी चित्रे पाहावी लागतात, प्रमाणासाठी गणित आणि कड्यांसाठी भूशास्त्र. पुण्यात १९९८मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय हे छोट्या प्रतिकृतींच्या वेडातून काय घडू शकते, याचे बोलके उदाहरण आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील, तर जिंजी तमिळनाडूतील आहे. माहुली, सिद्धगड, गोरखगड त्या यादीत नाहीत. अशा शेकडो गडांची ओळख टिकवण्याचे काम दिवाळीतील किल्ला करू शकतो. पण बाजारात प्लास्टरचा तयार, रंगवलेला किल्ला मिळू लागला आहे. तो घरी आणून ठेवला की चिखल नको, कुंचला नको आणि प्रश्नही नकोत. हाताने किल्ला करणाऱ्या मुलाला मात्र दरवाजा कुठे, पाण्याचे टाके कुठे आणि पहारेकरी कोणत्या दिशेला तोंड करून उभा राहील, हे ठरवावेच लागते. दिवाळी सरल्यावर माती परत अंगणात मिसळते. या प्रश्नांची शोधलेली उत्तरे तेवढी पुढच्या वर्षीच्या किल्ल्यासाठी शिल्लक राहतात.